रायबोसोमचं चालतं मॉडेल : किनवट तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर आज शाळा भरली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात यंदा रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, करायचा असं ठरवलं. नववी-दहावीची मिळून सात मुलं आहेत. दहावीच्या विज्ञान भाग २ च्या पहिल्याच धड्यात प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण हे शब्द येतात. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, पण मनात काहीच उभं राहत नाही. पेशीच्या आकृतीत रायबोसोम म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेवर टोचलेले ठिपके. ठिपका काम कसा करतो, असं कुणी विचारत नाही, कारण ठिपक्याकडून कुणाची अपेक्षाच नसते.

म्हणून एकच अट घातली. मॉडेल चाललं पाहिजे. एका बाजूनं संदेशाची पट्टी आत जावी, तीन-तीन अक्षरं वाचली जावीत आणि दुसरीकडून अमिनो आम्लांची माळ बाहेर यावी. हे जमलं नाही तर मग चार्टच लावू.

१४ नोव्हेंबर

पहिली चूक झाली. रायबोसोमच्या दोन भागांसाठी थर्माकोलचे दोन गोळे कोरले, वर मोठा आणि खाली लहान. दोन दिवस शाळा सुटल्यावर कोरण्यात गेले. आज त्यावर स्प्रेचा रंग मारला आणि थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळला, मोठ्या गोळ्याला हात जाईल एवढा खड्डा पडला. स्प्रेतलं द्रावक थर्माकोल खातं, हे मला माहीत असायला हवं होतं. २४० रुपये आणि दोन दिवस गेले. दुसऱ्या कुणी थर्माकोल घेतला तर त्यावर पाण्यातलाच रंग लावावा.

१५ नोव्हेंबर

गोळे गेले ते बरंच झालं, कारण रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की मुळातच आम्ही चुकीचं करत होतो. रायबोसोम म्हणजे प्रथिनांचा गोळा आणि त्यात कुठंतरी थोडा आरएनए (ए, यू, जी, सी या चार अक्षरांची लांब साखळी), असं मी आजवर शिकवत आले. खरं म्हणजे त्याचा सांगाडा आरएनएचाच असतो. जिवाणूच्या रायबोसोममध्ये वजनानं साधारण दोन-तृतीयांश आरएनए असतो आणि प्रथिनं बाहेरून ठिगळांसारखी बसलेली असतात. अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं मुख्य कामही आरएनएच करतो. जिथं जोड होते तिथं आसपास प्रथिन जवळजवळ नसतंच.

म्हणजे हा गोळा दोरीचा हवा. कोंबडीजाळीचे दोन सांगाडे करायचे, त्यांवर सुतळी गुंडाळायची आणि एका अक्षराला एक सेंटिमीटर असं माप धरायचं. लहान भागातल्या १६एस नावाच्या आरएनएला १५४२ अक्षरं, म्हणून १५ मीटर ४२ सेंटिमीटर सुतळी. मोठ्या भागातल्या २३एसला २९०४ अक्षरं, म्हणजे २९ मीटर ४ सेंटिमीटर. सोबत १२० अक्षरांचा ५एस, त्याला सव्वा मीटरही लागत नाही. मुलांनी सुतळी शाळेच्या व्हरांड्यात अंथरून मोजली. एकोणतीस मीटर सुतळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत वळली, तेव्हा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढं सगळं एका ठिपक्यात मावतं व्हय?" खरा ठिपका वीस-पंचवीस नॅनोमीटरचा. सेंटिमीटरभर जागेत तसे चार लाख ओळीनं बसतील, हे गणित फळ्यावर मुलांनीच मांडलं.

१८ ते २३ नोव्हेंबर

काम बंद. मला निवडणुकीची ड्यूटी होती, शाळेत मतदान केंद्र होतं. विसाव्या तारखेला मतदान होतं. सांगाडे स्टोअरमध्ये ठेवून वर पोतं टाकलं.

२५ नोव्हेंबर

आज जे थांबवलं ते सगळ्यांनी नीट वाचावं.

अमिनो आम्लांसाठी मणी हवे होते. फुकटात होईल म्हणून एक पोरगी बांधावरच्या यरंडाच्या बिया ओंजळभर घेऊन आली. त्या दिसतात फार सुरेख, तपकिरी चट्ट्यापट्ट्यांच्या, प्रत्येकीची नक्षी वेगळी. भोक पाडून ओवायच्या, असा तिचा बेत होता. ओवायला सुई तापवलीसुद्धा होती. मी सगळ्या बिया काढून घेतल्या आणि मुलांना साबणानं हात धुवायला लावले.

एरंडाच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. बी अख्खी असली तर कवच त्याला धरून ठेवतं, पण फोडली, चावली किंवा कोरली की ते मोकळं होतं. आणि हे विष घाव घालतं तो नेमका रायबोसोमवरच. मोठ्या भागातल्या लांब आरएनएमध्ये एका ठरावीक जागी जे 'ए' अक्षर असतं, तेवढंच ते गाळतं. दोरी तुटत नाही, एक अक्षर तेवढं जातं, आणि तो रायबोसोम कायमचा बंद पडतो. रायसिनचा एकच रेणू मिनिटाला हजाराच्या वर रायबोसोम निकामी करू शकतो.

मुलं गप्प झाली. ती पोरगी म्हणाली, "आमच्या बांधाला तर लई हायेत." लहान भावंडांना तोंडात घालू देऊ नको, एवढं तिला बजावलं. नंतर तिनंच सुचवलं म्हणून मोठ्या भागाच्या सुतळीवर एक सेंटिमीटर लाल रंगवलं. जो माणूस येईल त्याला ती तो लाल तुकडा दाखवणार आहे.

मण्यांसाठी पोळ्याला बैलांच्या गळ्यात घालतात त्या माळेचे मोठे मणी आणले. बाजारात उरलेला माल होता, १६० रुपयांत भरपूर मिळाले.

२८ नोव्हेंबर

पाट्या लिहिताना भांडण झालं. मोठा भाग ५०एस, लहान भाग ३०एस आणि दोन्ही मिळून ७०एस. "बेरीज चुकली" म्हणून एकानं परस्पर ८०एस लिहून टाकलं. 'एस' हे वजन नाही. वेगानं गरगर फिरवल्यावर द्रवात वस्तू किती झपाट्यानं खाली बसते, त्याचं ते माप आहे, स्वेडबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावाचं. आकार बदलला की वेग बदलतो. बादलीभर पाण्यात गोटा आणि चपटी खापरी टाकून दाखवली. दोन भाग एकमेकांना चिकटले की पाण्याला घासणारा पृष्ठभाग कमी-जास्त होतो, त्यामुळं साधी बेरीज जुळत नाही. पाटी परत ७०एस केली. ती तीन दिवसांनी पुन्हा बदलावी लागणार हे तेव्हा माहीत नव्हतं.

१ डिसेंबर, रविवार

नांदेडला डॉक्टरकीला असलेला आमचा जुना विद्यार्थी गावी आला होता, त्याला मॉडेल बघायला बोलावलं. त्यानं दोन मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पट्टी कशाची लावणार?" मी म्हटलं, हिमोग्लोबिनची. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, एचबी हा शब्द घरोघरी ठाऊक आहे, म्हणून ते आधीच ठरलं होतं. तो म्हणाला, "मग हा रायबोसोम जिवाणूचा कसा चालेल?"

चूक माझी. मी जी आकृती समोर ठेवली होती ती थर्मस थर्मोफिलस या जिवाणूच्या रायबोसोमवरून काढलेली होती. २००० साली लहान भागाची बारीक रचना वेंकटरमण रामकृष्णन यांच्या गटानं याच जिवाणूवरून काढली. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांच्यासोबत मिळालं. रामकृष्णन मूळचे चिदंबरमचे, बडोद्याला भौतिकशास्त्रात बीएस्सी झालेले. हा जिवाणू जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यात सापडला. ऊन पाण्यात टिकणाऱ्या जिवाचे रायबोसोमही चिवट असतात आणि रचना काढायला लागणारे त्यांचे स्फटिक चांगले बनतात. आमच्या मुलांना उनकेश्वरचं गरम पाणी माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मी मोठ्या हौसेनं सांगितली होती. पण त्या हौसेत माणसाच्या प्रथिनासाठी जिवाणूचं यंत्र लावून बसले.

माणसाचा रायबोसोम ८०एसचा, म्हणजे ६०एस आणि ४०एस. लहान भागात १८एस आरएनए, १८६९ अक्षरांचा. मोठ्या भागातला २८एस पाच हजार अक्षरांहून थोडा जास्त, सोबत साधारण दीडशे अक्षरांचा ५.८एस आणि १२०-एक अक्षरांचा ५एस. प्रथिनं एकूण ८०. एकूण सुतळी लागणार साधारण ७२ मीटर, आमच्याकडं होती ४६. फेविकॉलनं चिकटवलेली सुतळी उकलताना चार-पाच मीटर वायाही गेली. नवी गुंडी आणली, दोन्ही मिळून १४० रुपये. लाल खूण मात्र आता जास्त बरोबर जागी बसली, कारण रायसिन गाळतं तो 'ए' २८एसवरच असतो. पन्नास मीटर सुतळीत एक सेंटिमीटर.

पुन्हा गुंडाळायला दोन संध्याकाळी लागल्या. हे करणाऱ्यानं सुतळी कापण्याआधी कोणत्या जिवाचा रायबोसोम ते ठरवून घ्यावं.

३ डिसेंबर

पट्टीची पहिली चाचणी झाली.

लांब कागदाची पट्टी घेतली, एका अक्षराला चार सेंटिमीटर. हे सुतळीच्या मापात नाही, लांबून वाचता यावं म्हणून मोठं केलंय आणि तसं पाटीवर लिहिलंय. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या संदेशाची सुरुवात : एयूजी, जीयूजी, सीएयू, सीयूजी, एसीयू, सीसीयू, जीएजी, जीएजी, एएजी. पूर्ण संदेश काढला तर सतरा-अठरा मीटर पट्टी लागते, म्हणून पहिली नऊ त्रिकं घेतली, मग कापल्याची खूण केली आणि शेवटची चार जोडली : एएजी, यूएयू, सीएसी आणि थांबण्याचं यूएए.

दोन लाटण्यांवर पट्टी गुंडाळली, हँडल लावलं. फिरवलं तर कागद लाटण्यावरून घसरला, पण एकाच अक्षरानं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. वाचणारी पोरगी कोणत्या त्रिकाला कोणतं अमिनो आम्ल या तक्त्यात बघून मणी मागत होती. पहिलाच मणी मेथिओनिनचा यायला हवा, तर ती म्हणाली ट्रिप्टोफॅन. मग सिस्टिन. मग आयसोल्युसिन. आणि चौथ्याला ती थांबली.

"मॅडम, ह्ये तर थांब म्हणायलंय."

खिडकीत बघितलं. एयूजी जीयूजी सीएयू सीयूजी एसीयू यातलं पहिलं 'ए' मागं राहिलेलं आणि पुढचं वाचन यूजीजी, यूजीसी, एयूसी, यूजीए असं झालेलं. यूजीए म्हणजे थांबा. एक अक्षर सरकलं की सगळा मजकूर बदलतो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगितलंय. पण समोर लाटणं घसरून तीन मण्यांत साखळी संपलेली आज पहिल्यांदा पाहिली. मुलांनी ते परत-परत करून बघितलं, मीही थांबवलं नाही. त्या दिवशी मॉडेल बंद पडलं, पण वाचनचौकट, म्हणजे तीन-तीनची मोजणी कुठून धरायची, ते सातही जणांना कळलं.

५ डिसेंबर

पट्टी घसरायला नको म्हणजे दात हवेत. सुतारकाकांकडं गेले. त्यांनी २४ सेंटिमीटर घेराचा गोल रूळ करून दिला आणि त्यावर बारा-बारा सेंटिमीटरवर डोकं छाटलेले खिळे ठोकले. पट्टीला दर त्रिकामागं एक भोक. अर्धा फेरा म्हणजे एक त्रिक. मजुरी ४०० रुपये, त्यात टीआरएनएसाठी (अमिनो आम्ल घेऊन येणारा छोटा आरएनए) प्लायचे तुकडेही कापून मिळाले.

पण कागदाची भोकं तिसऱ्या फेरीला फाटली. चिकटपट्टी लावली, तीही फाटली. पोषण आहाराच्या मावशी उभ्या राहून बघत होत्या. त्या घरी साड्यांना फॉल-पिको करून देतात. म्हणाल्या, "कागुद कशाला लावता बाई, फॉल लावा की." तीस रुपयांचा पांढरा फॉल, रुंदी हाताच्या पंज्याएवढी, लांबी हवी त्याहून जास्त. भोकांना त्यांनीच काज घालून दिलं. अक्षरं कापडाच्या रंगानं लिहिली. मोजून वीस वेळा पट्टी फिरवली, एकदाही घसरली नाही. ज्याला हे मॉडेल करायचंय त्यानं सरळ इथूनच सुरुवात करावी, कागदात पडूच नये.

७ डिसेंबर

टीआरएनएचे तुकडे इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराचे आहेत. खालच्या टोकाला प्रतिकोडॉन, म्हणजे पट्टीवरच्या त्रिकाशी जुळणारी तीन अक्षरं, आणि वरच्या टोकाला मणी. दोन चुका सापडल्या.

एक म्हणजे मुलांनी पुस्तकातून एयूजीसाठी सीएयू असं उतरवलं होतं. पट्टीवर धरलं तर ए समोर सी येतो, जुळतच नाही. पुस्तकात प्रतिकोडॉन उलट्या दिशेनं वाचून लिहिलेला असतो, कारण दोन आरएनए एकमेकांसमोर विरुद्ध दिशेनं बसतात. पट्टीवर ठेवायचा तर तुकड्यावर यूएसी असंच लिहायचं. सगळे तुकडे घासून पुन्हा लिहिले.

दुसरी म्हणजे बसायच्या जागा. तीन खाचा आहेत, ए, पी आणि ई. मुलं पहिला टीआरएनए ए खाचेत ठेवत होती. एरवी प्रत्येक नवा टीआरएनए ए मध्येच येतो, पण मेथिओनिन घेऊन येणारा पहिला तेवढा थेट पी मध्ये बसतो. मग ए रिकामी राहते आणि व्हॅलिनवाला तिथं येतो. रिकामा झालेला ई मधून बाहेर पडतो.

१० डिसेंबर

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मण्यांच्या जोडणीनं.

आधी चुंबक लावले, २१० रुपयांचे. एकाच बाजूचे चुंबक समोरासमोर आले की मणी एकमेकांना ढकलायचे, आणि माळ ओढली की मधूनच तुटायची. सगळे काढले. मग मावशींच्या डब्यातली टिचबटणं. मणी नाडीच्या छोट्या तुकड्यावर पक्का करायचा, एका टोकाला बटणाचा वरचा भाग आणि दुसऱ्याला खालचा. नव्वद रुपयांत काम झालं. दाबलं की 'टच्' आवाज येतो आणि माळ ओढली तरी तुटत नाही.

पण खरी गडबड दिशेची होती. मुलं नवा मणी जुन्या माळेच्या शेपटाला लावायची आणि माळ जुन्याच टीआरएनएवर लटकत राहायची. तसं नसतं. पी मधल्या टीआरएनएवर असलेली सगळी माळ सुटते आणि ए मध्ये नव्यानं आलेल्याच्या मण्यावर जाऊन बसते. पाहुण्याच्या हाती घरचं सगळं सोपवून यजमानानं उठून जावं, तसं. मग रूळ अर्धा फेरा फिरतो, माळ घेतलेला नवा तुकडा पी मध्ये सरकतो, मोकळा झालेला ई मध्ये जातो. मुलांना हे चार वेळा सांगून पटलं नाही. हातानं बटण उघडून पलीकडं लावलं तेव्हा पटलं, कारण नाहीतर पुढच्या फेरीला माळ ओढून धरली जाते आणि पट्टी अडकते.

१२ डिसेंबर

माळ बाहेर पडायच्या बोगद्यासाठी एक इंची पाइप आणि एल्बो लावला होता. एल्बोत बटण अडकलं, काढताना पाइपच सांगाड्यातून निघाला. ९५ रुपये वाया. दीड इंची सरळ पाइप आणला, १३० रुपये. तो साठ सेंटिमीटर लांब ठेवला तर आमची बारा मण्यांची माळ पूर्ण आतच राहिली आणि बाहेर काहीच दिसेना. मुलं हिरमुसली. पण खऱ्या रायबोसोमातही असंच होतं, पहिली तीस-चाळीस अमिनो आम्लं त्या बोगद्यातच असतात. पाइप कापून पंचवीस सेंटिमीटर केला आणि पाटीवर तसं लिहिलं.

डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यानं फोनवर आणखी एक सांगितलं. अॅझिथ्रोमायसिनच्या गोळीचा रेणू जिवाणूच्या रायबोसोममध्ये याच बोगद्यात जाऊन बसतो आणि वाट अडवतो. माणसाच्या रायबोसोममध्ये तो तसा बसत नाही, म्हणून औषध म्हणून चालतो. पाइपात कापसाचा बोळा घालून आम्ही ते दाखवतो. सोबत सांगतो की हा बोळा जिवाणूच्या यंत्रातला समजायचा.

१४ डिसेंबर

दुसरा फॉल, सिकलसेलचा. सगळं तेच, फक्त एका जागी जीएजीचं जीयूजी. ए च्या जागी यू. ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन.

जागा मोजताना वाद झाला. मुलं सातवं त्रिक म्हणाली, दवाखान्यातल्या माहितीपत्रकात सहावं. दोन्ही बरोबर आहेत. पहिला मेथिओनिन नंतर कापला जातो, त्यामुळं तयार प्रथिनात १४६ अमिनो आम्लं राहतात आणि मोजणी व्हॅलिनपासून सुरू होते.

पट्टी फिरवली. रूळ घसरला नाही, तुकडे अचूक जुळले, बटणं लागली. सातव्या मण्याच्या जागी पिवळ्याऐवजी निळा आला आणि माळ त्याच वेगानं पुढं सरकली. त्या एका मण्यामुळं ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

आमच्यातल्या एका पोरीला हा आजार आहे. थंडीत सांधे धरतात, या महिन्यात पाच दिवस ती आलीच नव्हती. ती बराच वेळ पट्टीकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हंजी मशीन चांगलीच हाय. तिला दिलं तसंच ती वाचायली." मी हो म्हटलं. प्रदर्शनात हँडल कोण फिरवणार हे मी तोवर ठरवलं नव्हतं. तिनं आपणहून मागितलं.

१९ डिसेंबर

प्रदर्शन झालं. नेताना टमटममध्ये वरचा सांगाडा एका बाजूला दबला, तो जागेवर तार घालून उचलला. पहिल्या फेरीला नऊ मिनिटं लागली, हात बसल्यावर चार. पेशीत सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लं लागतात, हे सांगितलं की लोक परत हँडलकडं बघतात.

परीक्षकांनी विचारलं, रक्तातल्या लाल पेशीत रायबोसोम असतात का. मुलं गडबडली. हँडलवाली म्हणाली, पिकलेल्या पेशीत नसतात, हाडांच्या मगजात पेशी कच्ची असते तेव्हा हिमोग्लोबिन बनवून घेतात. उत्तर बरोबर होतं. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं.

नंबर तिसरा आला.

२४ डिसेंबर

हिशेब लिहिते. थर्माकोल २४०, जाळी १८०, सुतळी १४०, मणी १६०, फॉल दोन ६०, सुतार ४००, चुंबक २१०, टिचबटणं ९०, पाइप आधीचा ९५ आणि नंतरचा १३०, कापडाचे रंग १५०. एकूण १८५५ रुपये. त्यातले थर्माकोल, चुंबक आणि एल्बोचा पाइप मिळून ५४५ वाया गेले. चुका वगळल्या तर तेराशेत होईल आणि बारा-तेरा दिवस पुरतील.

सुतळीला उंदीर लागतात, म्हणून दोन्ही सांगाडे टांगून ठेवलेत. रुळाचा एक खिळा वाकलाय, तो सुट्टीनंतर बदलायचा. दुसऱ्या फॉलवरचं सातव्या त्रिकातलं 'यू' पुसट झालंय. प्रदर्शनात जो आला त्यानं त्याच अक्षरावर बोट ठेवलं. आज त्या पोरीनं ते पुन्हा रंगवलं आणि वाळायला खिडकीत लावलं.